निघताना थोडं कुडकुडायलाच हवं

थंडीत पहिल्यांदा धावायला निघाले, तेव्हा मी जवळपास अख्खं कपाट अंगावर चढवलं होतं. आत सुती टी-शर्ट, त्यावर सुती हूडी, त्यावर जाडजूड फुगीर जॅकेट, खाली ट्रॅकपँट. दारात उभी होते तोवर काय छान ऊब होती! आमच्या ग्रुपमधले एक काका पातळशा विंडचीटरमध्ये हात चोळत उभे होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "काय गं, धावायला निघालीस की गाडीची वाट बघायला?"

दुसऱ्या किलोमीटरला जॅकेट काढून कमरेला बांधलं. चौथ्याला हूडीची पाठ ओलीचिंब. सहाव्याला बुटाची नाडी सुटली म्हणून थांबले, जेमतेम दोन मिनिटं, आणि तेवढ्यात दात वाजायला लागले. काका शेजारी मजेत उभे. गारठा दोघांना सारखाच होता, वाराही तोच. मी ओली होते आणि ते कोरडे होते, एवढाच काय तो फरक.

थंडीत धावताना थंडीशी कमी आणि स्वतःच्या घामाशी जास्त झगडावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. ते असं का होतं, हे एकदा समजलं की कोणत्या दिवशी काय घालायचं हे पाठ करावं लागत नाही.

शरीराची शेगडी

साधारण ६० किलो वजनाचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगानं धावला, तर तासाला ६०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा जाळतो. आपले स्नायू या बाबतीत फार उधळे आहेत. त्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेली सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे धावताना अंगातून ५०० वॅटहून जास्त उष्णता निघत असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचा हाच आकडा १०० वॅटच्या आतबाहेर असतो. एखादा लहानसा रूम हीटर पोटाशी बांधून पळण्यासारखंच आहे हे.

पण हा हीटर बटण दाबल्यावर लगेच तापत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं अंग गार असतं आणि कपडे तर आपण त्याच्याही आधी, घरात उभं राहून ठरवलेले असतात. चूक होते ती इथेच. दाराबाहेरची पहिली झुळूक लागली की आपण आणखी एक थर चढवतो आणि पुढचा पाऊण तास त्याचा दंड भरत बसतो.

म्हणून धावणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: बाहेर आहे त्यापेक्षा ८-१० अंश जास्त तापमान आहे असं समजून कपडे घालायचे. बाहेर २ अंश सेल्सिअस असेल, तर १०-१२ अंशांत फेरफटका मारायला जाताना जे घालाल, तेवढंच. निघताना थोडं कुडकुडायला झालं तर समजा बरोबर जमलं. दारातच ऊबदार वाटत असेल, तर मागे फिरून एक कपडा काढून ठेवा. अगदी सावकाश धावणाऱ्यांनी आणि मध्ये मध्ये चालणाऱ्यांनी मात्र हा हिशोब ५ अंशांवर आणावा, कारण त्यांची शेगडी मंद पेटलेली असते.

ओला सुती टी-शर्ट काय करतो

घाम सुकतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो. त्याचं कामच ते. १ लिटर घाम सुकायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात. उन्हाळ्यात याच हिशोबावर आपण तगतो. हिवाळ्यात तो उलटा फिरतो.

समजा, धावून संपलं तेव्हा टी-शर्टमध्ये २०० मिलिलिटर घाम मुरलेला आहे. सुती कपड्यात एवढा सहज मुरतो, पिळला तर थेंब पडतील इतपत. तो अंगावरच सुकवायचा तर सव्वाशेच्या जवळपास किलोकॅलरी हव्यात. आता तुम्ही थांबला आहात, ५०० वॅटची शेगडी विझली आहे. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी उष्णता दीड तासात तयार करतं, तेवढी एकट्या त्या टी-शर्टच्या वाळवणात जाणार. नाडी बांधता बांधता माझे दात का वाजले, त्याचं उत्तर हे.

शिवाय पाणी उष्णता वाहून न्यायला भलतंच तत्पर. स्थिर हवेच्या तुलनेत ते साधारण २५ पट वेगानं उष्णता पुढे पाठवतं. कपडा मुळात ऊब देतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे, धाग्यांचा वाटा त्यात थोडाच. सुती धागा पाणी पितो, लिबलिबीत होतो, अंगाला चिकटतो, हवेचे कप्पे मिटतात आणि हवेच्या जागी पाणी येऊन बसतं. सुती कपड्याचा मला एरवी काही राग नाही. पण थंडीत धावताना, विशेषतः अंगालगत, तो नको. यात सुती बनियन आणि सुती मोजेही आले. लोक वर भारी जॅकेट घालतात आणि आत जुनं बनियन ठेवतात, मग सगळ्या महागड्या थरांवर पाणी पडतं. अक्षरशः.

थर तीन, पण रोज तीन नव्हेत

अंगालगतच्या थराला बेस लेयर म्हणतात. तो ऊब देण्यासाठी असतो असा एक गैरसमज आहे. त्याचं मुख्य काम घाम त्वचेवरून उचलून बाहेरच्या बाजूला पसरवणं. पॉलिस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, वजनाच्या १ टक्काही नाही. पाणी धाग्यांमधल्या बारीक फटींतून सरकत बाहेर येतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. ही वात त्वचेला टेकलेली असेल तरच काम करते, म्हणून हा थर अंगाबरोबर बसणारा हवा. ढगळ टी-शर्ट कितीही 'ड्राय-फिट' असला, तरी त्याच्या आत घाम ओघळतच राहतो.

दुसरा पर्याय मेरिनो लोकरीचा, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीचा. लोकर म्हटलं की टोचणाऱ्या स्वेटरची आठवण होते, पण मेरिनोचा धागा इतका बारीक असतो की तो त्वचेला टोचण्याऐवजी वाकतो. लोकरीची गंमत अशी की ती वजनाच्या जवळपास एकतृतीयांश ओल वाफेच्या रूपात धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. वास धरत नाही हा वरचा फायदा. तोटा म्हणजे एकदा पुरती भिजली की लवकर वाळत नाही आणि पॉलिस्टरपेक्षा लवकर झिजते. मी स्वतः तासाभराच्या धावण्याला पॉलिस्टर घालते आणि लांब, सावकाश पल्ल्याला मेरिनो.

मधला थर म्हणजे पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) किंवा तत्सम, हवा धरून ठेवणारा. खरं सांगायचं तर तापमान शून्याच्या वर असताना धावणाऱ्याला तो क्वचितच लागतो. पिसांचं किंवा कापूस भरलेलं फुगीर जॅकेट तर धावण्यासाठी नाहीच. घाम लागला की त्याची फुगी बसते. ते शर्यतीच्या आधी उभं राहताना आणि संपल्यावर घालायचं.

बाहेरच्या थराबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. वारा अडवणारं विंडचीटर आणि पाणी अडवणारं रेन जॅकेट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्याच जातीचा एक प्लास्टिक पदार्थ झटक्यात ताणून पाहिला आणि त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळाला. पाण्याच्या थेंबाला त्यातून आत येता येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. रेन जॅकेटांवर 'गोर-टेक्स' असं नाव दिसतं ते हेच. कल्पना झकास, आणि चालणाऱ्याला ती पुरतेही. पण जोरात धावणारा माणूस इतकी वाफ सोडतो की त्या छिद्रांना ती आवरत नाही, आणि पाऊण तासात जॅकेट आतून ओलं होतं. पाऊस नसेल तर साधं, हलकं, पाठीला किंवा काखेत जाळी असलेलं विंडचीटरच बरं. आणि त्याला पूर्ण उघडणारी चेन असावी. चेन हा तुमचा व्हॉल्व्ह आहे: चढ आला की खाली, वारा समोरून आला की वर. धावताना चेनशी न खेळणारा माणूस एकतर घामाघूम होतो किंवा गारठतो.

वाऱ्याचा हिशोब

हवामानाच्या अॅपमध्ये तापमानाशेजारी 'जाणवणारं तापमान' म्हणून आणखी एक आकडा असतो. हिवाळ्यातल्या या आकड्याचं मूळ अंटार्क्टिकात आहे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी तिथे प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि किती वेळात गोठतं ते मोजलं. त्यातून 'विंड चिल' ही कल्पना रुळली. माणूस म्हणजे काही पाण्याचं नळकांडं नव्हे, त्यामुळे ते जुने आकडे जरा जास्तच भीती घालणारे होते. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं नवं सूत्र स्वीकारलं. त्यासाठी स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्याचं तापमान मोजलं होतं.

या सूत्रानं शून्य अंशाला ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला उणे ५ सारखं वाटतं. उणे १० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उणे २०. वारा आपल्याभोवतीची तापलेल्या हवेची पातळ गादी सतत उडवून नेतो, म्हणून असं होतं. प्रत्यक्ष तापमान त्यानं उतरत नाही. हवा २ अंशांवर असेल, तर जाणवणारा आकडा उणे ५ असला तरी रस्त्यावरचं डबकं गोठणार नाही आणि तुमचं नाकही नाही. नाक बधिर मात्र जरूर होईल.

अॅपला जे ठाऊक नसतं ते म्हणजे तुम्ही धावता आहात. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात तुम्ही ताशी १० नं समोरून घुसलात, तर चेहऱ्याला २५ चा वारा लागतो. त्याच वाऱ्याला पाठ देऊन धावलात, तर उरतो ५ चा. एकाच रस्त्यावर जाताना आणि येताना दोन वेगळे ऋतू. म्हणून जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. उलट केलंत, तर जाताना पाठीवरच्या वाऱ्यात मजेत घाम काढाल आणि दमलेल्या, ओल्या अंगानं परतताना सगळा वारा छातीवर झेलाल.

वाऱ्याबद्दल एक खरी घडलेली गोष्ट. १९७७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. ते उणे ८ अंशांत, बोचऱ्या वाऱ्यात अर्धा तास जॉगिंग करून आले होते. वर शर्ट, स्वेटर, जॅकेट, हातमोजे, सगळं होतं. खाली मात्र पातळ पॉलिस्टर पँट आणि साधी अंतर्वस्त्रं. हिमदंशाची सुरुवात कुठे झाली असेल, ते वाचकांनी ओळखावं. हसू येतं, पण पुरुष धावपटूंसाठी पुढच्या बाजूला वारारोधक कापड लावलेल्या शॉर्ट्स आणि टाइट्स (पायांना घट्ट बसणाऱ्या पँट) मिळतात त्या काही उगाच नाहीत.

पायांना एरवी फारसं लागत नाही. मांड्या आणि पोटऱ्या म्हणजेच तर शेगडी. ५-७ अंशांपर्यंत साधी टाइट्स पुरते, त्याखाली आतून लव असलेली. उणे १० च्या खाली गेलं की वर एक वारारोधक पँट.

हात, डोकं, नाक

थंडी लागली की शरीर आधी मेंदू, हृदय, फुप्फुसं सांभाळतं आणि बोटांकडचे रक्ताचे नळ आवळून टाकतं. बोटं बारीक, त्यांच्यात स्नायू जवळपास नाहीत, त्यामुळे स्वतःची शेगडीही नाही. म्हणून धड घामानं निथळत असतानाही बोटं बधिर असू शकतात. थंडीत धावणाऱ्यानं पैसे खर्च करायचेच, तर आधी हातमोज्यांवर करावेत असं माझं मत आहे. जॅकेट नंतर.

पाच बोटं वेगळी असलेल्या मोज्यापेक्षा मिटन ऊबदार, म्हणजे ज्यात अंगठा वेगळा आणि चार बोटं एका खोलीत नांदतात ते. बोटं एकमेकांना शेकतात आणि वाऱ्याला उघडा पृष्ठभाग कमी मिळतो. मला सगळ्यात सोयीचे वाटतात ते पातळ हातमोजे, ज्यांच्या मनगटाशी वारारोधक कापडाची टोपी दुमडून ठेवलेली असते. सुरुवातीला ती टोपी बोटांवर ओढायची, वीस मिनिटांनी अंग तापलं आणि रक्त परत बोटांत आलं की मागे सारायची. ज्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडतात आणि मग निळसर होतात, त्यांनी हा नेहमीचाच गारठा समजू नये, डॉक्टरांना दाखवावं.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १० टक्के भाग, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. बाकी सगळं गुंडाळून फक्त डोकं उघडं ठेवलं, तर तिथून जास्त जाणारच. तरीही टोपी हवी. एक तर कान उघडे राहिले की ठणकतात. दुसरं, टाळूच्या रक्तवाहिन्या बोटांच्या वाहिन्यांसारख्या आवळत नाहीत, त्यामुळे तिथला उष्णतेचा दरवाजा बराचसा उघडाच असतो. टोपी काढली की गार, घातली की ऊब, आणि धावताना हे एका सेकंदात जमतं. ५ अंशांच्या आसपास मात्र कानटोपीपेक्षा कान झाकणारी रुंद पट्टी चांगली.

थंड हवेनं फुप्फुसं गोठतील अशी भीती काही जणांना वाटते. तसं होत नाही, हवा खाली पोचेपर्यंत नाक आणि घसा तिला तापवून ओलावतात. पण थंड हवा कोरडी असते, आणि भराभर श्वास घेताना श्वासनलिका सुकते. धावून आल्यावर येणारी ढास त्याचीच. दम्याची प्रवृत्ती असेल, तर नलिका आवळूही शकतात. गळ्याभोवतीची कापडी नळी, जिला बफ म्हणतात, ती नाकावर ओढली की सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल थोडी परत मिळते. कडाक्याच्या थंडीत मात्र ती ओली होऊन कडक होते, मग फिरवून कोरडी बाजू पुढे घ्यायची.

बुटांबद्दल थोडंसंच. उन्हाळ्याचे जाळीदार बूट वारा थेट बोटांपर्यंत नेतात. त्यावर उपाय म्हणून दोन जोड मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त कमी पोचतं आणि पाय आणखी गार पडतात. एकच लोकरीचा मोजा घालायचा आणि पुढे बोटं हलायला जागा ठेवायची. टाचेखालचा फोमही थंडीत कडक होतो, तेव्हा पहिला किलोमीटर लाकडी वाटला तर घाबरू नका.

सगळ्यात वाईट दिवस कोणता

उणे १० आणि कोरडी हवा, की ३ अंश आणि रिमझिम पाऊस? मी डोळे झाकून उणे १० निवडेन. कोरड्या थंडीत थरांचं गणित जमतं. ३ अंशांच्या पावसात बाहेरून पाणी, आतून घाम, आणि कुठलाच कपडा धड कोरडा राहत नाही. अशा दिवशी रेन जॅकेटला पर्याय नाही, आतून ओलं होणार हे धरूनच चालायचं. टोपीला पुढे झडप असली की डोळ्यांवर पाणी येत नाही, आणि खिशात पिशवीत गुंडाळलेली हातमोज्यांची दुसरी जोडी हवी. घरापासून फार लांब जाऊ नये, लहान फेऱ्या माराव्यात.

दुसऱ्या टोकाला, विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. तेव्हा मी सरळ ट्रेडमिलवर जाते. नाक, कान, गाल किंवा बोटांवर पांढुरका, मेणासारखा, बधिर डाग दिसला, तर तो चोळायचा नाही आणि हीटरसमोरही धरायचा नाही. बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. बोटं काखेत धरा, गालावर ऊबदार तळवा ठेवा, आडोशाला या. संवेदना परत येत नसेल, तर दवाखाना. आणि सोबतचा कुणी अडखळायला लागला, बोलणं जड झालं, थरथर थांबेना, तर ते नुसतं दमणं नव्हे. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरत असल्याची ती लक्षणं आहेत. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा आणि मदत बोलवा.

धावून झाल्यावर गप्पा मारत उभं राहू नये. आधी ओला बेस लेयर बदलायचा, मग गप्पा. स्ट्रेचिंगसुद्धा नंतर. आणि हे कपडे धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि वात बुजते.

प्रत्येकाची शेगडी वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा लागू पडत नाही. मी दाराशी एक वही टांगली आहे. बूट काढायच्या आधी त्यात एक ओळ लिहायची, एवढाच नियम. गेल्या आठवड्यातल्या दोन नोंदी:

"उणे २, वारा नाही. मेरिनो + विंडचीटर. तिसऱ्या किमीला चेन पूर्ण उघडी, टोपी खिशात. विंडचीटर नको होतं, बिनबाह्यांचं जॅकेट पुरलं असतं."

"४ अंश, रिमझिम. हातमोजे २० मिनिटांत चिंब. दुसरी जोडी घरी विसरले. किल्ली कुलपात जाईना, शेवटी काकांनी दार उघडून दिलं."